बेसमेंटमधली रिळं

माझं काम नाकावर चालतं असं सांगितलं की आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळातल्या काकू माझ्याकडे जरा संशयाने बघतात. "परफ्यूमच्या कंपनीत का गं?" असं एकीने विचारलंही होतं. परफ्यूमचा काही संबंध नाही. मी जुन्या सिनेमाची फिल्म दुरुस्त करते. नागपूरला केमिस्ट्री शिकले, लग्न होऊन इथे अमेरिकेत आले, आणि घरी बसून वेड लागायची वेळ आल्यावर ज्या कोर्सला प्रवेश मिळाला तो हा होता. त्यात इतकी वर्षं जातील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची लांब पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. माणसासारखीच पट्टीही म्हातारी होते. आकसते, कडक होते, वाकते. आतून बिघडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, म्हणून डबा उघडण्याआधी आम्ही झाकणाच्या फटीला नाक लावतो. नंतरचं काम म्हणजे निव्वळ धीर. हळूहळू उलगडायचं, फाटलेल्या कडा सांधायच्या, साफ करायचं आणि शेवटी स्कॅनरमधून एकेक चित्र उतरवून घ्यायचं.

आमच्या लॅबमध्ये गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. हर्नडनच्या एका काकांनी स्वतःच्या लग्नाची फिल्म पाठवली आणि फोन करून म्हणाले, "त्यातून माझ्या मेहुण्याला काढता येईल का?" मी म्हटलं, "काका, ते काकूंच्या अगदी शेजारी उभे आहेत. त्यांना काढलं तर काकूंचा अर्धा खांदा जाईल." काका म्हणाले, "जाऊ दे खांदा." अल्फारेटाच्या एक मावशी वडिलांचं छोटंसं रीळ पर्समध्ये घालून विमानाने आल्या. चित्रात वडिलांचा चेहरा कुठेच नव्हता, ते अंगणातून पाठमोरे चालत जात होते, एवढंच. मावशी म्हणाल्या, "बाबा असेच पाय ओढत चालायचे, मी विसरूनच गेले होते बघ," आणि आमच्या रिसेप्शनवर बसून हमसून हमसून रडल्या.

असे दिवस बरे असतात. या वेळी मात्र मी ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे, तो तसा नव्हता.

व्हिनेगरचा वास येणारी फिल्म बिचारी निरुपद्रवी असते. तिच्याआधीच्या काळात सिनेमा ज्या पट्टीवर काढायचे तिला नायट्रेट म्हणतात. दिसायला अगदी तशीच, पण तिची जातकुळी बंदुकीच्या दारूची. कोर्सच्या पहिल्याच महिन्यात आमच्या सरांनी तिचा बोटभर तुकडा पेटवून पाण्याच्या बादलीत टाकला. तो पाण्याखाली जळत राहिला. जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच सोडते, त्यामुळे विझवायचा प्रश्नच नाही. धूर इतका विषारी, की माणूस आगीच्या आधी त्यानेच मरतो. आणि सडलेल्या नायट्रेटला पेटायला काडी लागत नाही, उष्णता पुरते. त्या दिवशी घरी आल्यावर मी सगळी कपाटं हुंगली होती. नवरा हसला. मला हसू येत नव्हतं.

क्लाराचा फोन आला तो जानेवारीत, भर हिमवर्षावात. ती आमच्याच गावातली, लॅबपासून गाडीने जवळच राहणारी. तिचे वडील एत्तोरे मूळचे इटलीचे, सिनेमा दिग्दर्शक. (नावं बदलली आहेत. घरच्यांनी तशी विनंती केली होती.) वय नव्वदीच्या पुढे. त्यांचे जुने डबे तिच्या घरी पडून होते आणि त्यांच्या वाढदिवसाला ते सगळं डिजिटल करून द्यावं असं तिच्या मनात होतं.

"डब्यांना वास येतोय का?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"अय्या, हो! आम्हाला वाटलं उंदीर मेलाय."

"व्हिनेगरसारखा?"

"नाही, नाही. घामट मोज्यांसारखा. आणि नाकात झोंबतो. खाली गेलं की डॅडचे डोळे चुरचुरतात."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "डबे ठेवलेत कुठे?"

"बेसमेंटमध्ये, फर्नेसशेजारी. तिथे ओल लागत नाही ना, म्हणून डॅडने मुद्दाम तिथे ठेवलेत."

फर्नेस म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी. त्या दिवसांत ती सारखी पेटत असते.

"क्लारा, घरात आत्ता कोण कोण आहे?"

"मी, डॅड आणि मुलं."

"कुठली मुलं?"

"माझं डे-केअर आहे ना," ती कौतुकाने म्हणाली. "आत्ता झोपलीयेत सगळी."

फर्नेस बंद कर आणि मुलांना बाहेर काढ, असं मी सांगितलं. ती हसली. बाहेर एवढी थंडी, आणि झोपलेली मुलं उठवायची? वास तर गेल्या उन्हाळ्यापासून येत होता. मी एवढी घाबरलेय तर येऊन बघून जावं, असं ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मलाही तसं कोणी सांगितलेलं पटलं नसतं. मी लगेच कोट चढवला. रस्त्यावरचं बर्फ पुरतं हटवलेलं नव्हतं, आणि पुढच्या प्रत्येक वळणावर मला घरांच्या छपरांवर पिवळा धूर दिसेल असं वाटत होतं.

घर साधं होतं. दाराशी छोटेछोटे बूट ओळीने मांडलेले. पुढच्या खोलीत गालिच्यावर गाद्या घालून मुलं झोपली होती, तोंडं उघडी, गाल लाल. क्लारा तोंडावर बोट ठेवून मला आत घेऊन गेली. त्या खोलीच्या मध्यावर जमिनीत फर्नेसच्या हवेची जाळी होती आणि तिच्यातून गरम हवा वर येत होती. तो वास मला तिथेच आला.

एत्तोरे स्वयंपाकघरात बसले होते. उंच, वाळलेले, गळ्याभोवती लोकरीचा स्कार्फ. मी ओळख सांगितली तशी म्हणाले, "तूच ती घाबरलेली बाई? मी आयुष्यभर लोकांना घाबरवायचे सिनेमे केले. माझ्या सिनेमाला इतकं कोणी घाबरलं असतं तर मी श्रीमंत झालो असतो."

ते काठी टेकत आमच्यामागे बेसमेंटमध्ये उतरलेच. क्लाराने अडवून उपयोग झाला नाही.

फर्नेसच्या बाजूला लाकडी फळीवर डबे एकावर एक रचलेले होते. पत्रा गंजून लाल झाला होता. खालच्या दोन डब्यांच्या झाकणांतून तपकिरी भुकटी सांडली होती, कॉफीच्या पुडीसारखी. पुस्तकात जिचं चित्र बघून आम्ही पान उलटायचो तीच ही भुकटी. मी हात मागे बांधून उभी राहिले, चुकूनसुद्धा काही लागू नये म्हणून. तेवढ्यात फर्नेस आपोआप सुरू झाला. आधी टकटक, मग भस्सकन निळी ज्योत पेटल्याचा आवाज. भिंतीवरचं लाल बटण मी दाबलं, आणि ज्योत विझेपर्यंत श्वास घेतला नाही.

"क्लारा," मी हळूच म्हटलं, मोठ्याने बोलायचीही भीती वाटत होती, "वर जा. मुलांना पांघरुणासकट उचल आणि शेजारच्या घरात ने. बूट-कोट काही घालत बसू नकोस. मी फायर ब्रिगेडला बोलावते."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती जिन्याकडे धावली. वर तिच्या पळण्याचा आवाज आला, मग एका मुलाचं रडणं, मग दुसऱ्याचं. दार उघडलं, लागलं, पुन्हा उघडलं. शेजारीण मदतीला धावली असावी.

मी फोन केला. पलीकडच्या माणसाला नायट्रेट फिल्म म्हणजे काय ते माहीत नव्हतं. "आग लागलीय का, मॅडम?" तो विचारत होता. "अजून नाही," मी म्हटलं. "लागली तर विझणार नाही." त्याने पत्ता विचारला.

फोन ठेवून वळले तर एत्तोरे फळीसमोर जुन्या खुर्चीवर बसलेले.

"चला, वर जाऊ."

"ते लोक सगळं नेऊन जाळतील."

"खराब झालेलं जाळतील. जाळावंच लागेल."

"मग मी इथेच बसतो." काठी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. "आत माझी बहीण आहे."

त्या अर्धवट अंधाराच्या खोलीत ते शब्द ऐकून मी एक पाऊल मागे सरले. मग ते म्हणाले, "फिल्मवर. नोरा. तिचा दुसरा एकही फोटो नाही. घरं पुरात गेली तेव्हा सगळं गेलं."

वर आता मुलांचा आवाज नव्हता. घर रिकामं झालं होतं, फक्त आम्ही दोघं उरलो होतो. मला तिथून पळून जायचं होतं हे मी लपवत नाही. माझा मुलगा शाळेतून येणार होता. नव्वदीच्या माणसाने स्वतःच्या बेसमेंटमध्ये बसायचं ठरवलं तर त्यात माझा काय दोष, असंही मनात येऊन गेलं. पण पाय हलेनात.

"मी बाहेर उभी राहीन," मी म्हटलं. "प्रत्येक डबा मी स्वतः बघेन. ज्यात काहीही शिल्लक असेल तो कोणाला जाळू देणार नाही. पण तुम्ही इथे बसलात तर मलाही इथे बसावं लागेल. आणि मला फार भीती वाटतेय हो."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे निरखून बघितलं. "खरंच वाटतेय," ते म्हणाले. "हे तोंड मला ओळखता येतं." आणि काठी टेकून उठले.

तो जिना मी कधी विसरणार नाही. ते एक पाय वर ठेवायचे, थांबायचे, दम घ्यायचे, मग दुसरा पाय. मी मागून त्यांच्या कमरेला आधार देत होते. माझ्या पाठीमागे ते डबे, आणि मान वळवून बघायची हिंमत नव्हती. फर्नेस बंद होता तरी पाठीला ऊब लागतेय असं सारखं वाटत होतं. मध्येच खाली काहीतरी कुरकुरलं. तापलेला पत्रा थंड होताना वाजतो, हे मला माहीत आहे. तरीही माझ्या तोंडून "आई गं" निघालंच. एत्तोरेंनी विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "आईला हाक मारली." "चांगलं," ते धापा टाकत म्हणाले, "सगळे तिलाच मारतात."

फायर ब्रिगेडच्या कॅप्टनने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला परत आत जायला त्याने साफ मनाई केली. मी त्याला समजावलं, आपटू नका, वाकडं करू नका, एका वेळी एकच आणा. त्याची माणसं तोंडावर मुखवटे चढवून एकेक डबा बाहेर आणत होती आणि मागच्या अंगणात, घरापासून लांब, बर्फात अंतराअंतरावर ठेवत होती. शेजारच्या खिडकीत क्लारा, शेजारीण आणि मुलांची डोकी दिसत होती. एत्तोरेंना अँब्युलन्समध्ये बसवलं होतं, पण त्यांनी दार बंद करू दिलं नाही.

भुकटीवाल्यांपैकी एक डबा नेताना एका जवानाचा पाय बर्फावरून किंचित सरकला. तो पडला नाही, डबाही पडला नाही. फक्त झाकण थोडं फिरलं आणि गंजलेला पत्रा पत्र्यावर घासला. त्याला काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्याने डबा लांब फेकला आणि तो जमिनीला टेकायच्या आत पेटला. फस्स असा आवाज झाला आणि पांढरी-पिवळी ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर गेली. डबा बर्फात रुतला, आजूबाजूचं बर्फ वितळून त्याचं पाणी झालं, आणि त्या पाण्यात तो जळत राहिला. वर गर्द पिवळा धूर. कॅप्टन ओरडला, सगळे मागे पळाले. माझ्या डोळ्यांसमोर जमिनीतली ती जाळी आली, आणि तिच्या भोवती मांडलेल्या गाद्या.

शेवटी डबा जळून संपला. कॅप्टनने मुखवटा काढला आणि तो खिडकीतल्या मुलांकडे नुसतं बघत राहिला.

अँब्युलन्समधून एत्तोरेंचा आवाज आला, "कॅमेरा कोणाकडेच नव्हता ना? नसतोच."

उरलेले डबे मला मुखवटा घालून, कॅप्टनच्या शेजारी उभं राहून उघडू दिले. दोनांत मधासारखा चिकट लगदा. एकात दगड झालेलं रीळ. एकच डबा असा होता की ज्याच्या आतल्या वेढ्यांवर बोटभर जागेत चित्र दिसत होतं. तेवढा मी मागून घेतला. असा माल न्यायची परवानगी असलेली गाडी बोलावून तो लॅबच्या थंड तिजोरीत नेला. बाकीचं त्यांनी लांब नेऊन नष्ट केलं.

पुढचे काही आठवडे मी त्या रिळाबरोबर काढले. एका वेळी थोडंच बाहेर काढायचं, बाकी थंडीत. कडेची भोकं आकसलेली, त्यामुळे यंत्राच्या दात्यांवर बसत नव्हती. मी हातानेच पुढे सरकवायची. दर वेढ्याला वाटायचं, हा आता माझ्या बोटांत पेटेल. रात्री जेवताना मुलगा विचारायचा, "आई, आर यू ओके?" आणि मी हो म्हणायची.

काम होत आलं तेव्हा मला जे कळलं ते एत्तोरेंना सांगायची भीती त्या जिन्याइतकीच मोठी होती. वाचलेलं रीळ त्यांचा सिनेमा नव्हताच. सिनेमा पुरा झाल्यावर छाटून टाकलेले तुकडे असतात ना, ते एकत्र गुंडाळलेले होते. खरा सिनेमा त्या जळालेल्या आणि नष्ट केलेल्या डब्यांबरोबर गेला होता.

मी घरी गेले. मुलं आपापल्या घरी गेली होती, क्लारा गाद्या आवरत होती. मी सांगितलं. एत्तोरेंनी स्कार्फची झालर चाळवत जे सांगितलं ते क्लारानेही आजवर ऐकलं नव्हतं.

त्यांचं गाव एका मोठ्या नदीच्या मुखाशी, पाण्यात बुडतं-तरतं. वडील नव्हते, आई होडीने पलीकडे भातशेतीवर मजुरीला जायची. एका बातमीपटवाल्याचा कॅमेरा वाहून वाहून हा पोरगा तो चालवायला शिकला आणि उरलेल्या फिल्मवर पुराचा छोटा सिनेमा काढायला लागला. त्यात एक मुलगी बांधावर आईची वाट बघते. मुलगी म्हणजे धाकटी बहीण नोरा.

"तिला अभिनय येईना. सारखी हसायची," ते म्हणाले. "मग मी कॅमेरा सुरू केला आणि तिला सांगितलं, आईची होडी उलटली. आई बुडाली."

क्लाराचे हात थांबले.

"तो चेहरा शहरात लोकांनी पाहिला. म्हणाले, या पोराला भीती दाखवता येते. त्या चेहऱ्यावर मला रोमला काम मिळालं. नंतर जन्मभर मी तेच केलं. जुनी घरं, बंद दारं, जिन्यावर बाई. पण एकाही नटाला पुन्हा खोटं सांगून घाबरवलं नाही. त्यांचा हात धरायचो, कानात सांगायचो, मी इथे आहे, आता घाबर. अमेरिकेत बोलावलं, तो सिनेमा मध्येच बंद पडला. मग क्लाराची आई भेटली, कॉलेजात शिकवायला लागलो, झालं. नोरा तो पुराचा सिनेमा काढला त्याच हिवाळ्यात तापाने गेली. शूटिंगच्या दिवशी ती माझ्यापासून पळाली होती. खोटं आहे म्हणून मी ओरडत होतो तरी पळत सुटली. एवढंच मला आठवतं. मला ते पुन्हा बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती. म्हणून इतकी वर्षं ते डबे उघडले नाहीत."

तुकड्यांमध्ये काय आहे, हे मी पाहिलं होतं. पण ते मी आपल्या तोंडाने सांगावं असं मला वाटलं नाही. "लॅबवर या," एवढंच म्हटलं.

क्लारा त्यांना घेऊन आली तेव्हा बाहेर ऊन पडलं होतं, रस्त्याकडेचं बर्फ वितळत होतं. छोट्या प्रोजेक्शनच्या खोलीत मी त्यांना पुढे बसवलं. सुरुवातीला पाणी, बुडलेलं झाड, रिकामा बांध. उजव्या कडेने चित्र खाल्लेलं, तिथे सारखे पांढरे फोड उठत होते. मग अगदी क्षणभर तो चेहरा आला. मोठ्ठे डोळे, तोंड उघडं. सिनेमात कापलं होतं ते इथेच. त्यापुढचं त्यांनी स्वतःच्या हाताने छाटून टाकलं होतं.

एत्तोरेंनी खुर्चीचा हात घट्ट पकडला.

पडद्यावर नोरा हलली. वळली नाही. हात पुढे करून सरळ कॅमेऱ्याकडे पळत सुटली, ठेचकाळली, पुन्हा पळाली. मोठी मोठी होत गेली. तिचे केस, मग कपाळ, आणि मग चित्र जोरात हललं, कारण ती कॅमेऱ्यामागच्या माणसाला येऊन बिलगली होती. आभाळ दिसलं, तिरकं. त्यानंतर फोडच फोड आणि पांढरं.

मी त्यांच्याकडे बघायला घाबरत होते.

"माझ्याकडे आली," ते म्हणाले. थोड्या वेळाने क्लाराकडे वळून, तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा म्हणाले, "क्लारा, माझ्याकडे आली गं ती."